थवा आधी ठरवा, टाकी नंतर घ्या: थव्याने राहणारे मासे सांभाळण्याची सुरुवात

निऑन टेट्रा, कार्डिनल, रमीनोज, हार्लेक्विन रासबोरा, झेब्रा डॅनिओ, टायगर बार्ब, कोरिडोरास हे सगळे थव्याने राहणारे मासे. नवीन माणूस सहसा आधी टाकी घेतो, मग दुकानात जाऊन दोन लाल, दोन निळे, दोन पट्टेवाले असे मासे निवडतो, आणि महिन्याभरात त्यातले निम्मे मेलेले असतात. दोष बहुतेक वेळा पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. पाणी खरंच कच्चं असतं, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत अजून वाढलेले नसतात, त्याचं पुढे सांगतो. पण त्याहून मूळ चूक वेगळी आहे. या माशांच्या बाबतीत 'एक मासा' हे मापच नाही. तुम्ही थवा विकत घेत असता, आणि टाकीची लांबी, फिल्टर, खर्च, खाणं हे सगळं त्या थव्यावरून ठरतं.

थव्यातला मासा डोळ्यांनी आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदी रेषेने शेजाऱ्याची हालचाल सतत टिपत असतो. शिकारी माशाला एकसारख्या दिसणाऱ्या, एकदम वळणाऱ्या घोळक्यातून एकावर नेम धरता येत नाही, आणि धोका एकाला जाणवला की सगळ्यांना कळतो. त्यामुळे घोळक्यातला मासा निर्धास्तपणे खातो. एकट्याला किंवा तिघांच्या गटाला हे पहारे वाटून घेता येत नाहीत. तो कोपऱ्यात, झाडामागे राहतो, रंग फिका पडतो, खाण्याला उशिरा येतो, आणि दिवसरात्र ताणात राहिल्याने साध्या परजीवीलाही बळी पडतो. टायगर बार्बसारख्या तापट माशांत उलट घडतं: आपसातली मारामारी वाटून घ्यायला पुरेसे भिडू नसले की ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या माशाचे पर कुरतडतात.

म्हणून किमान आकडा सहा, तोही एकाच जातीचे सहा. आमचा आग्रह आठ ते दहाचा आहे. सहातले एक-दोन मासे पहिल्या महिन्यात गेले तर उरलेला गट लगेच अपुरा पडतो. निऑन आणि ग्लोलाइट दोन्ही टेट्राच, म्हणून तीन-तीन चालतील, असं होत नाही. घाबरले की ते एकत्र पोहतील, पण एरवी प्रत्येक जात आपल्या जातीला शोधते. जागा कमी असेल तर जाती कमी करा, एका जातीची संख्या कमी करू नका.

कोणते मासे, केवढी टाकी

टाकीचे लिटर काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. ६०×३०×३० ची टाकी म्हणजे ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास भरतं. औषधाचा आणि रसायनाचा डोस नेहमी या खऱ्या आकड्यावर काढायचा.

थव्यासाठी उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. हे मासे आडवे पोहतात. उंच, अरुंद, गोल किंवा षटकोनी टाकी दिसायला कितीही छान असली तरी दर दोन सेकंदांनी वळावं लागणाऱ्या थव्याला ती निरुपयोगी, शिवाय पाण्याचा पृष्ठभाग कमी म्हणून प्राणवायूही कमी मिसळतो. सुरुवातीला ६० सेंटिमीटरपेक्षा लहान टाकी घेऊ नका. लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. पाणी जितकं कमी, तितकी एखादी चूक लवकर अंगाशी येते.

६० सेंटिमीटरच्या टाकीत दहा-बारा निऑन किंवा दहा-बारा एंबर टेट्रा (हे जेमतेम दोन सेंटिमीटरचे असतात), आणि तळाला सहा पिग्मी कोरिडोरास, एवढ्यावर थांबा. ९० सेंटिमीटरच्या, १५० लिटरच्या पुढच्या टाकीत बारा-पंधरा रमीनोज, दहा हार्लेक्विन आणि आठ कोरिडोरास सुखाने राहतात. झेब्रा डॅनिओ आकाराने लहान पण अंगात वेग फार, त्यामुळे त्यांना ९० सेंटिमीटरच योग्य. टायगर बार्ब सहा-सात सेंटिमीटर होतो, त्यांचे दहा हवेत आणि त्यांच्यासोबत लांब परांचे एंजल, गुरामी, फॅन्सी गप्पी नकोत.

प्रत्येक जातीबद्दल थोडं, कारण निवड इथेच होते:

निऑन आणि कार्डिनल सारखे दिसतात. निऑनची लाल पट्टी पोटाच्या मध्यापासून शेपटीकडे असते, कार्डिनलची डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत. निऑनला थोडं थंड पाणी मानवतं, २२ ते २५ अंश. कार्डिनलला २४ ते २८. ज्यांच्याकडे पाणी उन्हाळाभर २८ च्या आसपास राहतं त्यांनी निऑनच्या मागे न लागता कार्डिनल घ्यावेत. दोघेही कच्च्या, नव्या टाकीत टिकत नाहीत.

रमीनोज हा खरा शिस्तीत पोहणारा मासा, सगळ्यांत घट्ट थवा याचाच. त्याचं लालभडक नाक हे पाण्याचं मोजमापही आहे. नाक फिकटलं की आधी पाणी तपासा. नवशिक्यांनी टाकी तीन-चार महिने जुनी झाल्यावरच हा घ्यावा.

हार्लेक्विन रासबोरा आणि चेरी बार्ब हे सुरुवातीसाठी सगळ्यांत समजूतदार मासे. चेरी बार्बमध्ये एका नरामागे दोन माद्या ठेवा.

झेब्रा डॅनिओ काटक आहे, २० ते २५ अंशांत उत्तम. मात्र 'काटक आहे म्हणून कच्च्या टाकीत आधी यालाच सोडा' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो मरत नाही, पण भाजलेल्या कल्ल्यांनी जगतो.

कोरिडोरास तळाला मिशांनी चाळत खातात. टोकदार खडीवर त्या मिशा झिजतात आणि सडतात, म्हणून त्यांना बारीक, गुळगुळीत वाळूच हवी. ते मधूनच सर्रकन वर येऊन हवा गिळतात, त्याची काळजी करू नका. ती हवा आतड्यातून शोषून घेण्याची त्यांची सोय आहे. तासाला दोनचार वेळा ठीक, सारखंच होऊ लागलं तर पाण्यात प्राणवायू कमी आहे.

केरळच्या घाटातल्या नद्यांचा डेनिसन बार्ब, तोच लाल पट्टीचा 'रोझलाइन शार्क', दुकानात पाच सेंटिमीटरचा असतो आणि मोह होतो. तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थव्यानेच राहतो आणि वेगवान प्रवाहातला आहे. शिवाय निसर्गात तो धोक्यात आलेला आहे. पहिल्या टाकीसाठी तो नाही.

सोबती म्हणून एंजल फिश निऑनबरोबर ठेवू नका. लहानपणी एकत्र दिसतात, एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो. गोल्डफिश तर थंड पाण्याचा आणि भरमसाट घाण करणारा, त्याला या टाकीत जागाच नाही.

टाकी मांडणं

५४ लिटरची टाकी पाणी, वाळू, काच धरून ७५ किलोच्या आसपास जाते. स्टँड हलता कामा नये आणि वरचा पृष्ठभाग पातळीत हवा. बिनफ्रेमच्या काचेच्या टाकीखाली पाच-दहा मिलिमीटरची फोमची शीट घाला, नाहीतर स्टँडवर राहिलेला एखादा खडा काच तडकवतो. खिडकीतलं थेट ऊन टाळा. त्याने शेवाळही माजतं आणि पाणीही तापतं.

वाळू गडद रंगाची घ्या. पांढऱ्याशुभ्र वाळूवर हे मासे फिकट पडतात, कारण उजळ तळावर ते आपला रंग आवरून घेतात. मागच्या काचेला काळा किंवा गडद कागद लावा. ६०×३० च्या तळाला पाच सेंटिमीटर थर द्यायला नऊ लिटर, म्हणजे साधारण १४ किलो वाळू लागते. वाहून जाणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत ती धुवा. साबण अजिबात नको. सजावटीच्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत राहील. लाकूड आठवडा-दोन आठवडे भिजवून ठेवा. त्यातून चहासारखा रंग उतरतो, तो निरुपद्रवी आहे आणि टेट्रांना मानवतोही.

झाडांमध्ये वॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरीन वाळूत लावा. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. वर थोडी तरंगती झाडं असली की उजेड विरतो आणि बुजरे मासे पुढे येतात. झाडी मागे आणि कडेला, मध्ये आणि पुढे पोहायला मोकळी जागा: थव्याला लपायची हमी असली की तो लपत नाही.

फिल्टर तासाला टाकीचं पाणी चार ते सहा वेळा फिरवणारा घ्या. ६० सेंटिमीटरच्या टाकीला एअर पंपावर चालणारा चांगला स्पंज फिल्टर पुरतो. मोटरचा फिल्टर असेल तर ओढून घेणाऱ्या तोंडावर स्पंज चढवा, नाहीतर एंबरसारखा छोटा मासा तिथेच अडकतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकमार्गी झडप घाला. वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं.

हीटरचा अंदाज लिटरला एक वॅट. खोलीचं तापमान फार खाली जात नसेल तर याहून कमीही चालतो. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावा. पाणी बदलताना हीटर बंद करून १५-२० मिनिटांनी मगच पातळी उतरवा. तापलेली काच उघडी पडली की फुटते. सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली वळण घेऊन वर जातील अशा लावा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

झाकण हवंच. डॅनिओ आणि रासबोरा उडी मारतात, विशेषतः पहिल्या आठवड्यात आणि अंधारात. दिवा सहा ते आठ तास, टायमरवर.

पाणी पिकवणं

हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले भाजतो, नायट्राइट रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर वसतात आणि वाढायला आठवडे घेतात. दुकानदार म्हणतो 'दोन दिवस टाकी चालू ठेवा आणि मासे न्या'. दोन दिवसांत पाणी स्वच्छ दिसतं एवढंच, जिवाणू आलेले नसतात.

मासे न घालता पाणी पिकवा:

१. टाकी भरा, नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध बाटलीवरच्या प्रमाणात घाला. फक्त क्लोरीन असेल तर पाणी २४ तास उघडं ठेवूनही ते उडतं. क्लोरॅमाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर उडत नाही, औषधच लागतं.

२. फिल्टर आणि हीटर चालू करा, तापमान २६ ते २८ ठेवा. दिवा लागत नाही, झाडं असतील तरच.

३. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका घाला. शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरलं तर ५० लिटरला साधारण ०.३ ग्रॅम पुरतं. सुगंधी किंवा साबण मिसळलेला सफाईचा अमोनिया चालत नाही. यातलं काही मिळत नसेल तर रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो, फक्त नेमकं प्रमाण हातात राहत नाही.

४. दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. थेंबांचा संच घ्या, कागदी पट्ट्या ढोबळ असतात. नायट्रेटच्या अनेक संचांत एक बाटली जोरात हलवायला सांगितलेली असते. ते टाळलं की आकडा खोटा कमी येतो.

५. अमोनिया शून्याकडे आला की पुन्हा २ मिलिग्रॅमपर्यंत न्या. मध्ये नायट्राइट खूप चढतं आणि बरेच दिवस तसंच राहतं. बहुतेक लोक इथेच कंटाळून मासे आणतात. थांबा.

६. २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी ७०-८० टक्के पाणी बदलून जमलेलं नायट्रेट काढून टाका.

याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा ओला ठेवून आणता आला तर एक-दोन आठवड्यांतही होतं. पाणी पिकणं मध्येच अडकलं तर पी-एच पाहा. फार मृदू पाण्यात तो घसरत ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. थोडं पाणी बदलल्यावर ते पुन्हा सुरू होतं.

पी-एच किती हवा, यावर लोक नको इतका जीव पाखडतात. मत्स्यशेतीत पैदास झालेले निऑन, रासबोरा, बार्ब ६.५ ते ७.५ मध्ये मजेत राहतात, थोडं जड पाणीही सोसतात. बाटलीतलं औषध टाकून आज ६.५, परवा पुन्हा ७.५ असं हेलकावे देणं मात्र त्यांना मारतं. जो पी-एच तुमच्या नळाला आहे त्यावर जगणारी जात निवडा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पी-एच जितका चढा तितका तोच अमोनिया जास्त विषारी. २५ अंशांना, पी-एच ७ वर एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, ८ वर तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. ज्यांचं पाणी चढ्या पी-एचचं आहे त्यांना पाणी पिकवण्यात कसूर परवडत नाही.

मासे निवडणं आणि घरी आणणं

दुकानात गेल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं टाकीसमोर उभं राहा. एकही मासा मेलेला किंवा एकटा कोपऱ्यात तरंगत असेल तर त्या टाकीतला कोणताच घेऊ नका. पोट आत गेलेलं, पर अंगाला चिकटवलेले, श्वास भरभर चाललेला, अंगावर पांढरे ठिपके, पाठ वाकलेली: असे मासे नकोत. खायला घालून दाखवायला सांगा. अनेक दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं, तेव्हा शेजारच्या टाक्याही पाहा. आज आलेला माल आज घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकलेला थवा घेतलेला बरा. अंगावर भडक गुलाबी-हिरवा रंग टोचलेले काचमासे (पारदर्शक अंगाचे मासे) आणि रंगवलेले टेट्रा कधीच घेऊ नका. तो रंग सुईने किंवा रसायनात बुडवून दिलेला असतो आणि त्यातून वाचलेला मासा फार काळ जगत नाही.

वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवणं शक्य असेल तर जरूर करा. २५-३० लिटरची वाळू-सजावट नसलेली टाकी, पिकलेला स्पंज, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढं पुरतं. पहिलाच थवा असेल तर मुख्य टाकीच विलगीकरणाची टाकी ठरते. दुसऱ्या थव्यापासून मात्र हे टाळू नका. एका आजारी माशाने सुदृढ थवा गेल्याचं उदाहरण या छंदात घरोघरी सापडेल.

पूर्ण पिकलेल्या टाकीत दहा निऑन एकदम सोडता येतात, आणि एकदम सोडलेलेच चांगले. आज दोन, पुढच्या आठवड्यात दोन असं केलं की पहिले दोघे तोवर घाबरून अर्धमेले होतात. टाकी भक्कम पिकली आहे याची खात्री नसेल तर आधी सहा, दोन आठवड्यांनी उरलेले.

घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी पिशवीत घाला, अर्धा तासभर. नंतर मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. हे जवळच्या दुकानातून आणलेल्या माशांसाठी. दिवसभराचा प्रवास करून आलेल्या पिशवीचं गणित वेगळं. त्यात कार्बन डायऑक्साइड साठून पी-एच उतरलेला असतो आणि म्हणून साठलेला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडताच वायू उडतो, पी-एच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तास-दोन तास थेंबथेंब पाणी घालत बसू नका. तापमान जुळवा, उघडा आणि लगेच जाळीने हलवा.

पहिला दिवस खायला घालू नका. थवा पहिले काही दिवस घट्ट गोळा करून एका कोपऱ्यात राहील. लोकांना हे दृश्य आवडतं, पण ती भीतीची खूण आहे. आठ-दहा दिवसांत ते सैल होऊन टाकीभर पसरले, चरू लागले, नर एकमेकांना पर फुलवून दाखवू लागले, की रुळले समजा. रमीनोज सोडले तर निवांत थवा सैलच असतो. त्याला घट्ट करण्यासाठी मोठा मासा आणून धाक दाखवणं हा क्रूरपणा आहे. रात्री निऑनचा रंग जवळपास नाहीसा होतो, सकाळी दिवा लागल्यावर थोड्या वेळात परततो. तो आजार नव्हे.

खाणं

यांची तोंडं बारीक असतात. फ्लेक्स बोटांत चुरडून किंवा अगदी बारीक दाणे द्या. दिवसातून दोन वेळा, दीड-दोन मिनिटांत संपेल इतकंच. दोन ठिकाणी टाका, म्हणजे धटिंगण एका बाजूला गुंतले तरी बुजऱ्यांना मिळतं. आठवड्यातून दोनदा गोठवलेलं आर्टेमिया किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) दिलं की रंग खुलतो. जिवंत ट्युबिफेक्स किडे गटाराच्या पाण्यात वाढलेले असतात आणि रोग आणतात, ते टाळा. कोरिडोरास 'उरलेलं खातात' म्हणून त्यांना उपाशी ठेवू नका. दिवा बंद झाल्यावर बुडणाऱ्या गोळ्या त्यांच्यासाठी वेगळ्या टाका. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. चार-पाच दिवस बाहेरगावी जायचं असेल तर निरोगी मोठे मासे काही न खाता राहतात. शेजाऱ्यांच्या हाती डबा देऊन जाण्यात याहून जास्त धोका आहे.

आठवड्याचं काम

आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी बदला. सायफन नळीने वाळूच्या वरवरची घाण ओढून घ्या. नव्या पाण्याला क्लोरीनचं औषध घालून, तापमान एक-दोन अंशांत जुळवून हळू ओता. बादली फक्त याच कामाची ठेवा. आटलेल्या पाण्याची नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पाणी उडतं, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. ४० च्या वर सतत जात असेल तर खाणं जास्त आहे किंवा मासे जास्त आहेत.

फिल्टरचा स्पंज तीन-चार आठवड्यांनी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवा. नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा कच्ची होते. नवा स्पंज घालायचा तर जुन्याबरोबर महिनाभर चालवून मग जुना काढा.

रोज खायला घालताना मासे मोजा. पोहणारे बारा मोजणं अवघड वाटतं, पण खाण्याला सगळे एकत्र येतात तेव्हा जमतं. एक कमी दिसला तर झाडांत, फिल्टरमागे, टाकीमागच्या फरशीवर शोधा. मेलेला मासा उष्ण पाण्यात दिवसाभरात कुजू लागतो.

बिघाड झाला तर

सगळे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा, आणि उत्तराची वाट न पाहता ४०-५० टक्के पाणी बदला, एअर पंप जोरात सोडा. औषध टाकू नका. नव्या टाकीत दहातल्या नऊ वेळा कारण पाणीच असतं.

मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आणि दगडावर अंग घासणं म्हणजे इक. हा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग सुटून तळाला जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवायचा नसतो. ठिपके दिसेनासे झाल्यानंतरही औषध आठवडाभर चालू ठेवा. तापमान दिवसाला एक-दोन अंश करत २८ ते २९ पर्यंत नेलं तर त्याचं चक्र लवकर फिरतं, फक्त हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मॅलकाइट ग्रीन असलेली औषधं टेट्रा आणि कोरिडोरास यांना झोंबतात. बाटलीवर अशा माशांसाठी कमी डोस लिहिलेला असतो, तोच द्या. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो.

निऑनच्या निळ्या पट्टीत मध्येच फिकट डाग पडले, मासा थव्यापासून वेगळा राहू लागला, पाठ वाकू लागली तर तो निऑन टेट्रा रोग असू शकतो. स्नायूंत वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा हा आजार आहे, भरवशाचा इलाज नाही. मेलेला मासा इतरांनी खाल्ला की तो पसरतो. असा मासा लगेच वेगळा करा.

परांच्या कडा फाटक्या दिसल्या तर दोन शक्यता. कडा स्वच्छ कापल्यासारखी असेल तर कुणीतरी कुरतडतोय. अर्धा तास लांबून पाहा, गुन्हेगार सापडेल आणि बहुतेकदा त्याचा थवा अपुरा असेल. कडा पांढुरकी, झिजत जाणारी असेल तर परसड. त्याचा पहिला उपाय दोन आठवडे दर तीन दिवसांनी २५ टक्के पाणी बदलणं.

उन्हाळ्यात पाणी ३० च्या वर गेलं तर पृष्ठभागावर पंखा लावा, झाकणाच्या जागी जाळी ठेवा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकून एकदम गार करू नका. वीज गेली तर चार-पाच तासांपर्यंत कमी गर्दीची टाकी तग धरते, त्याहून जास्त जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला असेल तर आतलं पाणी ओतून, स्पंज टाकीच्या पाण्यात हलवून मगच सुरू करा. आत प्राणवायू संपून जिवाणू मेलेले असतात, ती घाण थेट टाकीत येते.

थवा विरळ झाल्यावर

नीट सांभाळलेले निऑन चार-पाच वर्षं, डॅनिओ तीन-चार, कोरिडोरास त्याहूनही बरेच जास्त जगतात. एके दिवशी बारातले चार उरतात. तेव्हा दोन रस्ते आहेत. त्याच जातीचे सहा-आठ नवे मासे विलगीकरणानंतर मिसळा. म्हातारे मासे नव्या थव्यात लगेच सामील होतात आणि पुन्हा उघड्यावर पोहू लागतात. किंवा त्या जातीचा थवा पुढे ठेवायचा नसेल, तर उरलेले चौघे ज्याच्याकडे त्याच जातीचा थवा आहे त्याला देऊन टाका. पिशवीत त्यांना एकत्रच भरा, वेगवेगळं नाही.